हलकी म्हणवणारी पाच किलोची रायफल

मतदान झाल्यावर यंत्रं ज्या गोदामात कुलूपबंद करतात त्याच्या बाहेर, कोषागाराच्या दारात, एखाद्या बंगल्याच्या पहाऱ्यावर तुम्ही ती नक्की पाहिली असणार. लांबलचक काळी नळी, लाकडी दस्ता, खाली सरळ पेटीसारखं मॅगझिन. पहाऱ्यावरच्या हवालदाराला खुर्चीत बसायचं झालं की ती भिंतीला टेकवावी की मांडीवर आडवी घ्यावी, हा प्रश्न दर वेळी पडतो, कारण ती त्याच्या छातीपर्यंत येते. तिचं नाव एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. अनेकांना ती अस्सल देशी वाटते, आणि बनली ती इथेच, हेही खरं. तिचं माहेर मात्र बेल्जियमचं आहे.

या रायफलीविषयी प्रत्येक फौजीचं आणि पोलिसाचं एक ठाम मत असतं. कुणी म्हणतो, 'तिच्यासारखी रायफल पुन्हा झाली नाही.' कुणी म्हणतो, 'ओझं होतं नुसतं, सुटलो एकदाचे.' मी दोन्ही मतं घरातच ऐकली आहेत, तीही एकाच माणसाच्या तोंडून. आमचे मामा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नेमबाजीचा विषय निघाला की ते एसएलआरचं कौतुक करतात, श्रीलंकेतल्या शांतिसेनेचा विषय निघाला की तिलाच शिव्या घालतात. मला बरीच वर्षं वाटायचं की मामांचं काहीतरी गोंधळलंय. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, मामा दोन्ही वेळी बरोबर आहेत. भांडण रायफलीशी नाहीच, तिच्या पोटात जाणाऱ्या काडतुसाशी आहे. माझं मत हेच, आणि ते का आहे ते आता सांगतो.

आधी नावाचा एक गोंधळ मिटवू. बेल्जियममधल्या लिएज शहराजवळ हर्स्टाल नावाचं गाव आहे. तिथल्या एफएन या कारखान्यात ही रायफल जन्मली. तिचं मूळ नाव एफएएल, त्या फ्रेंच आद्याक्षरांचा अर्थ 'हलकी स्वयंचलित रायफल'. मामांना हा अर्थ सांगितला तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. रिकामी रायफल सव्वाचार-साडेचार किलोची. त्यात वीस गोळ्यांचं मॅगझिन लावलं की पाच किलोच्या घरात जाते. भाजीच्या पिशवीत पाच किलो म्हणजे फार नाही, पण तीच पिशवी दिवसभर छातीसमोर धरून डोंगर चढून बघा.

तिचा रचनाकार द्यूदोने सेव्ह. अमेरिकन शस्त्रकार जॉन ब्राउनिंग आयुष्याच्या शेवटच्या काळात बेल्जियमच्या याच कारखान्यात काम करत होते. १९२६ मध्ये ते तिथेच वारले, आणि त्यांच्या हातचं अपुरं राहिलेलं पिस्तूल सेव्हने पुरं केलं. १९३५ चं हाय-पॉवर ते हेच. गंमत म्हणजे आपल्या फौजेचं ९ मिमी पिस्तूलही त्याच घराण्यातलं. कित्येक दशकं भारतीय अधिकाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल आणि जवानाच्या खांद्यावरची रायफल या दोन्हींवर एकाच बेल्जियन माणसाचा हात फिरलेला होता, आणि आपल्याकडे त्याचं नाव शंभरातल्या एकालाही माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेला, तेव्हा सेव्ह इंग्लंडला निसटला आणि तिथे काम करत राहिला. युद्ध संपताना सगळ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. जुन्या रायफलींच्या गोळ्या हजार-दोन हजार मीटर जातील इतक्या ताकदीच्या होत्या, पण प्रत्यक्षात पायदळातले शिपाई एकमेकांवर गोळ्या झाडत होते ते बहुतेक वेळा तीनशे मीटरच्या आत. त्यापलीकडचा माणूस नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही, विशेषतः तो लपून बसला असेल तर. मग एवढी दारू कशाला? जर्मनांनी हा हिशेब आधी मांडला आणि आखूड पुंगळीचं (पुंगळी म्हणजे दारू भरायची धातूची नळी), कमी दारूचं काडतूस काढलं. रशियनांनी त्याच वाटेने ७.६२ × ३९ हे काडतूस आणलं, ज्यावर पुढे एके-४७ उभी राहिली. सेव्हनेही आपल्या नव्या रायफलीचा पहिला नमुना त्या आखूड जर्मन काडतुसासाठीच बनवला होता. नंतर तो ब्रिटिशांच्या सात मिमीच्या मध्यम काडतुसासाठी जुळवला. म्हणजे ही रायफल मुळात लहान चणीची, मध्यम ताकदीची व्हायची होती. 'हलकी' हे नाव त्या वेळी थट्टेचं नव्हतं.

माशी शिंकली ती अमेरिकेत. नाटो देशांनी एकच काडतूस वापरायचं असं ठरत होतं आणि अमेरिकन लष्कराला आपली जुनी, भक्कम ताकद सोडायची नव्हती. त्यांनी पुंगळी थोडी आखूड केली, पण दम जवळपास तोच ठेवला. ते ७.६२ × ५१. ब्रिटिशांनी १९५१ मध्ये आपल्या सात मिमीच्या काडतुसाची रायफल स्वीकारल्याचं जाहीरही केलं होतं. त्याच वर्षी चर्चिल पुन्हा सत्तेवर आले आणि तो निर्णय मागे घेतला गेला. १९५४ मध्ये अमेरिकन काडतूस नाटोचं झालं. त्या वेळी अशी समजूत होती की सगळ्यांनी अमेरिकेचं काडतूस घेतलं तर अमेरिका बेल्जियमची रायफल घेईल. बाकीच्यांनी काडतूस घेतलं. अमेरिकेने १९५७ मध्ये स्वतःची एम-१४ निवडली.

सेव्हच्या रायफलीला मोठं काडतूस पोटात घ्यावं लागलं. त्यासाठी ती लांब झाली, जाड झाली, जड झाली. नाव तेवढं बदलायचं राहिलं.

एकच आकडा, दोन काडतुसं

इथे थोडं थांबून काडतुसाचं गणित बघू, कारण याच ठिकाणी बहुतेक गप्पा घसरतात. 'एके पण ७.६२ आणि एसएलआर पण ७.६२, मग फरक काय?' हा प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकला आहे. ७.६२ हा नळीच्या आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. त्यापुढचा आकडा पुंगळीची लांबी सांगतो: एकेची ३९, एसएलआरची ५१. पुंगळी लांब म्हणजे आत दारू जास्त. एकेची गोळी सुमारे आठ ग्रॅमची, नळीतून सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. एसएलआरची साडेनऊ ग्रॅमची, वेग ८४० च्या आसपास. ऊर्जा काढताना वेगाचा वर्ग होतो, हे आठवत असेल तर उत्तर लगेच येतं: एकेची साधारण दोन हजार ज्यूल, एसएलआरची सव्वातीन हजारांच्या पुढे. दोघींचं पहिलं नाव एक, आडनाव वेगळं.

या जादा ताकदीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली वजनात. एसएलआरचं एक काडतूस सुमारे चोवीस ग्रॅमचं, एकेचं सोळा-सतरा, आणि पुढे आलेल्या इन्सास या भारतीय रायफलीचं ५.५६ मिमीचं जेमतेम बारा. शंभर राउंड उचलायचे तर एसएलआरवाल्याच्या पाठीवर दोन किलो चारशे ग्रॅम, इन्सासवाल्याच्या पाठीवर त्याच्या निम्मे. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या, हा साधा व्यापारी हिशेब आहे आणि जगभरच्या सैन्यांनी शेवटी तोच केला.

दुसरी किंमत खांद्यावर.

नव्वदच्या दशकात मी कॉलेजच्या एनसीसीत होतो. फौजेच्या एका युनिटसोबत बारा दिवसांचा कॅम्प होता आणि शेवटच्या दिवशी आम्हाला एसएलआरच्या पाच-पाच गोळ्या झाडायला मिळणार होत्या. तोपर्यंत आम्ही पॉइंट टू-टूची छोटी रायफल वापरलेली, जिचा आवाज फटाक्याच्या लडीतल्या सुट्या फटाक्याएवढा. उस्ताद म्हणजे आमचा प्रशिक्षक, हरियाणाचा. त्याने मला पालथं झोपवलं, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवला आणि म्हणाला, 'कस के पकड, नहीं तो थप्पड मारेगी.' मला वाटलं गंमत करतोय. मागच्या बारीक भोकातून पुढची मक्खी, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण, दिसत होती, तिच्यावर शंभर मीटरवरचा कागद. श्वास धरला, चाप ओढला. आवाज कानात नाही, दातांत जाणवला. गाल दस्त्यावर आपटला. उजवीकडे पुंगळी कुठे उडाली कळलं नाही, पण जळक्या दारूचा वास आला आणि रायफल आपोआप पुढच्या गोळीला तयार होती. पाच गोळ्या झाडून उठलो तेव्हा खांद्यावर रुपयाएवढं लाल वर्तुळ होतं, ते दोन दिवसांनी जांभळं झालं. त्यानंतर सगळ्यात कंटाळवाणा भाग, म्हणजे गवतात वाकून पुंगळ्या शोधणं. मोजून झाडायचं, मोजून परत करायचं. एक पुंगळी कमी पडली म्हणून आम्ही पाऊण तास उन्हात होतो. ती एका पोराच्या बुटात निघाली.

कागदावर माझ्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या. मी काही अर्जुन नव्हे. ती रायफलच तशी आहे. मागे बारीक भोक, पुढे मक्खी, दोन्हींत भरपूर अंतर, नळी लांब, वजन भरपूर त्यामुळे हात हलला तरी ती फारशी हलत नाही. एकेत मागे भोकाऐवजी साधी खाच आणि ती पुढच्या मक्खीच्या बरीच जवळ, त्यामुळे नवशिक्याची नेमाची चूक तिथे वाढते. मामा नेमबाजीच्या गप्पांत एसएलआरचं कौतुक करतात ते यासाठी. तिच्यावर मागे दोनशेपासून सहाशे मीटरपर्यंत अंतर लावायची सोय आहे, आणि शिकलेला माणूस तेवढ्या अंतराचा खरोखर उपयोग करू शकतो.

आता दुसरं दृश्य. हीच रायफल पूर्ण स्वयंचलित केली, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतील अशी, तर पहिली गोळी निशाण्यावर, दुसरी डोक्यावरून, तिसरी झाडावर. बेल्जियमने स्वयंचलितची सोय दिली होती आणि अनेक देशांनी ती घेतली. ब्रिटिशांनी आणि आपण ती काढून टाकली. एका वेळी एक गोळी, दर गोळीला चाप नव्याने दाबायचा. म्हणून आपलं नाव 'स्वयंचलित' नाही, 'सेल्फ लोडिंग'. १९८२ च्या फॉकलंडच्या लढाईत ब्रिटिश आणि अर्जेंटिनी, दोन्ही बाजूंच्या हातात याच घराण्यातली रायफल होती, ब्रिटिशांकडे एक-एक गोळीवाली, अर्जेंटिनाकडे स्वयंचलितची सोय असलेली. दोन सख्ख्या बहिणी समोरासमोर. स्वयंचलित असूनही अर्जेंटिना हरला, पण यावरून रायफलीचा निकाल लावू नये. युद्धं प्रशिक्षण, रसद आणि सेनापती यांवर ठरतात.

आत काय घडतं

काडतुसातली दारू पेटली की वायू तयार होतो आणि गोळीला पुढे रेटतो. नळीच्या मध्यावर वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून गेली की थोडा वायू त्यातून वर येतो आणि एका दांड्याला, म्हणजे पिस्टनला, मागे टोला देतो. टोला बसला की बोल्ट मागे जातो, जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगने परत पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

पण वायू किती घ्यायचा? रायफल स्वच्छ आणि नवी असेल तर थोडा पुरतो. धूळ-काजळी बसली, तेल थंडीत घट्ट झालं तर जास्त लागतो. एसएलआरमध्ये यासाठी एक फिरवायची कडी आहे. तिचं काम कुकरच्या शिटीसारखं समजा: नको असलेला वायू ती बाहेर सोडते. कडी फिरवली की कमी वायू बाहेर जातो, जास्त आत राहतो, टोला जोरात बसतो. मामा म्हणायचे, नवा रंगरूट कडी गच्च लावून ठेवायचा, म्हणजे रायफल कधी अडकू नये. मग ती गरजेपेक्षा जास्त उसळायची आणि तोच खांदा चोळत बसायचा. मला ही कडी म्हणजे या रायफलीचा स्वभाव वाटतो. शिकलेल्या हाताला ती साथ देते, न शिकलेल्याला शिक्षा करते. एकेला अशी कडीच नाही. ती सुरुवातीपासून गरजेपेक्षा जास्त वायू घेते आणि बाकीचं तिच्या ढिलाईवर सोडते.

ढिलाई हा शब्द मी कौतुकानेच वापरतोय. गोळी सुटतानाच्या क्षणी बोल्ट घट्ट बंद असावा लागतो, नाहीतर सगळा दाब मागे नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येईल. एसएलआरचा बोल्ट शेपटीकडून खाली झुकतो आणि एका पोलादी पायरीला अडतो. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर लावतात तसं. एकेचा बोल्ट पिळून बंद होतो, फिरकीच्या डब्याच्या झाकणासारखा. दोन्ही पद्धती चांगल्या. फरक आहे तो भागांमधल्या मोकळ्या जागेचा. एकेच्या आत फटी ठेवलेल्या आहेत, कचरा त्यांत जाऊन बसतो आणि काम चालू राहतं. एसएलआरचे भाग एकमेकांशी जवळून सरकतात. बारीक वाळू गेली की कुरकुर सुरू.

म्हणूनच 'एसएलआर कधीच अडकत नाही' हे वाक्य मला पटत नाही. इस्रायलने ही रायफल वाळवंटात वापरली आणि वाळूने हैराण झाल्यावर सत्तरच्या दशकात एकेच्या धर्तीवर आपली गलील आणली. ब्रिटिशांनी आपल्या रायफलीत बोल्टच्या वाहकावर तिरप्या खाचा पाडल्या, की वाळू त्यांत साचावी आणि घासणं थांबावं. आपल्याकडे चिखल, पाऊस आणि धूळ आहे, पण बारीक वाळवंटी पूड राजस्थान सोडला तर नाही. शिवाय आपला जवान रायफल रोज घासतो. पुल-थ्रूच्या दोरीला चिंधी लावून नळीतून ओढायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत. तेलाची बाटली आणि पुल-थ्रू दस्त्याच्या आतच असतात, तळाशी झाकण उघडायचं की झालं. ती झाकणाची पट्टी जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीकडून उचललेली आहे.

आणखी एक समज मोडायला हवा. 'एसएलआरची गोळी लागली की माणूस चार फूट मागे उडतो.' सिनेमात उडतो. न्यूटनचा तिसरा नियम दोन्ही टोकांना लागू आहे: गोळीच्या मागे जेवढा धक्का नेम धरणाऱ्याच्या खांद्याला बसतो, त्यापेक्षा जास्त धक्का समोरच्याला त्या गोळीने बसू शकत नाही. समोरचा उडायचा असता तर आधी मी उडालो असतो, आणि मी तेव्हा पन्नास किलोचा होतो. गोळी माणसाला ढकलत नाही, भेदते. एसएलआरची गोळी विटेची भिंत, झाडाचं खोड, गाडीचा पत्रा यांना एकेच्या गोळीपेक्षा कमी जुमानते, हे मात्र खरं. व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियन पायदळाकडे हीच रायफल होती, १९६६ मध्ये लाँग टानच्या रबराच्या मळ्यातही. रबराच्या झाडामागे लपलेल्यालाही ती गाठते, या कारणासाठी त्यांच्यातले अनेक जण अमेरिकन एम-१६ पेक्षा तिला मानत.

आपल्याकडे कशी आली

स्वातंत्र्यानंतर आपली फौज थ्री-नॉट-थ्री वापरत होती. ली-एनफील्ड, दहा गोळ्यांची, दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा. मजबूत रायफल, पण १९६२ मध्ये समोर चिनी सैनिक अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित बंदुका घेऊन आला तेव्हा तिचा काळ संपल्याचं उघड झालं. त्याआधीच आपल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियन, बेल्जियन आणि ब्रिटिश बनावटीच्या एफएएल सुट्या करून पाहिल्या होत्या. हे काम करणारी एआरडीई ही संस्था आज पुण्यात पाषाणला आहे. तिघींतलं जे आवडलं ते उचलून त्यांनी आपली बनवली. नाव पडलं १-ए-१, कारखाना कोलकात्याजवळचा ईशापूर, नंतर तिरुचिरापल्लीही. परवाना न घेता नक्कल केली म्हणून बेल्जियनांनी कायदेशीर कारवाईची भाषा केली. शेवटी आपण त्यांच्याकडून काही रायफली विकत घ्यायचं कबूल केलं आणि प्रकरण मिटलं. पण 'तिघींतलं आवडलं ते' याचा एक तोटा झाला: आपल्या रायफलीचे भाग धड ब्रिटिश रायफलीला बसत नाहीत, धड बेल्जियनला. सासरही वेगळं, माहेरही वेगळं.

१९७१ च्या युद्धात पायदळाच्या हातात मुख्यतः हीच होती. तिच्या पोटातली काडतुसं बनवणाऱ्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा कारखानाही आहे, म्हणजे भुसावळकडच्या कित्येक घरांची चूल या ५१ मिमीच्या पुंगळीवर पेटली आहे. मैदानातली, डोंगरातली, लांब पल्ल्याची लढाई असेल तर तिच्याविषयी तक्रार फारशी ऐकू येत नाही. तक्रार सुरू होते १९८७ पासून. श्रीलंकेत शांतिसेनेतल्या जवानांपुढे वस्तीत, माडांच्या बागांत, वीस-तीस मीटरवर एके घेतलेले 'तमिळ वाघ', म्हणजे एलटीटीईचे बंडखोर होते. मामा सांगतात, घराच्या दारातून आत वळायचं तर आधी नळी आत जाते, मग तुम्ही. समोरचा एका दमात तीस गोळ्या सोडतो आणि तुम्ही एक-एक मोजत बसता. त्यांनी पहिल्यांदा पकडलेली एके हातात घेतली तेव्हा त्यांना वाटलं, हे तर पोरांचं खेळणं. दुसऱ्या दिवशी ते तीच मागत होते. नव्वदच्या सुरुवातीला भारताने पूर्व युरोपातून एके मागवल्या, त्यामागे हा अनुभवही होता.

त्यानंतर इन्सास आली, तीही पुण्याच्या एआरडीईची. आतली मूळ रचना एकेच्या वळणाची, पण वायूची फिरवायची कडी एफएएलकडून घेतलेली. सून आली तरी सासूचं एखादं भांडं कपाटात राहतं तसं. इन्सासविषयी मी इथे फार बोलणार नाही. कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिनं तडकल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या आहेत आणि तिच्यावर जेवढी टीका झाली त्यातली सगळी न्याय्य होती असं मला वाटत नाही.

फौजेने एसएलआर सोडली की ती पोलिसांकडे आली. आपल्याकडे शस्त्रांची अशी उतरंड असते: मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला. एसएलआर पोलिसांत पोचेपर्यंत तिथे थ्री-नॉट-थ्रीच होती, आणि ती किती काळ होती हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर दिसलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री-नॉट-थ्रीला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. पोलिसांच्या हातात एसएलआर योग्य आहे का, यावर माझं मत ठाम 'नाही' असं आहे. गर्दीच्या शहरात एक भिंत भेदून पलीकडच्या खोलीत जाणारी गोळी कुणालाच नको. कोषागाराच्या दारात उभं राहायला ती चालेल. तिथे तिचं काम मुख्यतः दिसण्याचं आहे, आणि दिसायला ती भारदस्त आहेच.

मग ती बाद झाली म्हणायची? इथे मोठी गंमत आहे. १९८० मध्ये नाटोने ५.५६ चं जे लहान काडतूस प्रमाण मानलं, ते अमेरिकन काडतुसावरून घडवलं होतं बेल्जियमच्या त्याच एफएन कारखान्याने. ज्यांच्या रायफलीवर मोठं काडतूस लादलं गेलं, त्यांनीच पंचवीस वर्षांनी लहान काडतूस नाटोच्या गळी उतरवलं. कित्येक वर्षं सगळं जग लहान गोळीमागे धावलं. मग अफगाणिस्तानच्या उघड्या डोंगररांगांत पाचशे-सहाशे मीटरवरून हल्ले होऊ लागले, चिलखती जाकिटं आली, आणि पुन्हा मोठ्या गोळीची आठवण झाली. २०२२ मध्ये अमेरिकन लष्कराने ६.८ × ५१ ची नवी रायफल निवडली. पुंगळीची लांबी बघा. तीच, एक्कावन्न.

आपण त्याच्या तीन वर्षं आधीच वळलो होतो. २०१९ मध्ये सीमेवरच्या जवानांसाठी बहात्तर हजार चारशे सिग-७१६ रायफली घेण्याचा करार झाला, ७.६२ × ५१ च्या. दुसरीकडे उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला रशियाच्या सहकार्याने एके-२०३ बनू लागल्या, ७.६२ × ३९ च्या, सहा लाखांहून जास्त. म्हणजे आपल्या लष्कराने सेव्हच्या काळातल्या भांडणाचा निकाल लावायचं टाळलं आणि दोन्ही पक्ष घरात ठेवले. मला हे शहाणपणाचं वाटतं. लडाखच्या उघड्या कड्यावर बसलेल्याला आणि काश्मीरच्या गल्लीत शिरणाऱ्याला एकच रायफल द्यायची हा हट्टच मुळात चुकीचा होता, आणि एसएलआर तीस वर्षं त्या हट्टाचं ओझं वाहत होती. भांडारवाल्यांच्या डोक्याला दोन तऱ्हेची काडतुसं सांभाळायचा ताप झाला असेल, पण तो ताप कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, बसून सोसायचा आहे.

सिगची बातमी पेपरात आली तेव्हा मी साताऱ्याला मामांकडे होतो. ते ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी वाचून दाखवलं: अमेरिकन कंपनी, नवी रायफल, वगैरे.

'काडतूस कुठलं?' त्यांनी विचारलं.

'एक्कावन्नचं.'

'मॅगझिनमध्ये किती?'

'वीस.'

'वजन?'

मी बातमी वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितली. वजन दिलं नव्हतं.

'तेच विचारायचं असतंय आधी,' ते म्हणाले आणि टरफलांचं सूप माझ्याकडे सरकवलं.